पहिली रेघ

पहाटे साडेतीनला मी यंत्र चालू करतो.
बर्फ ढकलायचं यंत्र, पिवळं, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाचं.
आमच्या ओउलूची रीत अशी,
आधी सायकलींची वाट मोकळी करायची,
मोटारींचा रस्ता मागाहून.
पाहुणे विचारतात, हे उलटं नाही का झालं?
मी म्हणतो, मोटारीला चार चाकं आहेत,
ती शोधेल तिचं तिचं.

डिसेंबरात सूर्य इथे
घाईतल्या पाहुण्यासारखा येतो,
बूटही न काढता परत जातो.
समुद्र थिजून उभा.
आणि त्या अंधारात शाळेची पोरं, बँकेतल्या बायका,
बाळाला पुढच्या पेटीत गुंडाळून निघालेला एखादा बाप,
सगळे सायकलवर, भुवयांवर बर्फ घेऊन.

एकोणीस वर्षं मी त्यांची वाट झाडली
आणि एकदाही तिच्यावरून गेलो नाही.
दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.
घर ते डेपो चार किलोमीटर, मोटारीनं.
दहा मिनिटं काच खरवडायची,
सहा मिनिटं गाडी चालवायची,
आणि वर ऐटीत सांगायचं, वेळ वाचतो.

रोज माझ्याआधी कुणीतरी गेलेलं असायचं.
ताज्या बर्फावर एकच रेघ,
पुलाच्या चढावर जराशी नागमोडी,
अकराव्या खांबापाशी डाव्या बुटाचा एक ठसा,
मग पुन्हा सरळ, थेट बेकरीच्या मागच्या दाराशी.
साइमी असणार. एकसष्ट वर्षांची. राईच्या पावाची भट्टी तीच पेटवते.
तिची रेघ मी रोज पुसायचो.
कामच माझं ते.

जानेवारीत एका रात्री पारा उणे सत्तावीसवर गेला
आणि गाडीच्या बॅटरीनं मान टाकली.
तळघरात लेकीची जुनी सायकल होती,
घंटीवर लाल किड्याचं चित्र, हँडलला तुटकी टोपली.
हवा भरली. निघालो.
पहिल्याच वळणावर आडवा झालो.
कुणी पाहिलं नाही, एका सशाखेरीज.

वाट साफ नव्हती.
कशी असेल? साफ करणारा
सायकलखाली पडला होता.

उठलो, तर समोर ती रेघ.
चाक तिच्यात घातलं आणि चाललो.
ती वळली तिथे वळलो, डगमगली तिथे डगमगलो,
अकराव्या खांबापाशी डावा पाय टेकवला,
बरोबर तिच्या ठशात.

इथे का थांबत असेल ही?

कान टवकारले.
बर्फाखाली नदी बोलत होती.
काचेच्या भांड्यात कुणी हळूच पाणी ओतावं, तशी.
एकोणीस वर्षं मी या पुलावरून गेलो
आणि माझ्याच इंजिनानं मला ते ऐकू दिलं नव्हतं.

डेपोत उर्पोला सांगितलं.
तो म्हणाला, माझे गुडघे. म्हणाला, माझं वय. म्हणाला, वारा.
म्हटलं, वारा तुझ्या मोटारीतही असतो रे,
तू फक्त काच वर करतोस.
लोकरीचे मोजे घाल, पण कपडे बेताचे,
घाम आला तर गारठशील.
चाकांना खिळ्यांचे टायर लाव.
आणि रोज नको,
आठवड्यातला एक दिवस ये. मंगळवारी ये.
मंगळवारला तसंही कुणी विचारत नाही.
त्यानं कॉफीत साखर ढवळली. नुसतीच ढवळत राहिला.

आता पुलावर रोज दोन रेघा असतात.
एक तिची, दुसरी माझी.
यंत्र घेऊन परत येतो आणि दोन्ही पुसतो.

गेल्या मंगळवारी तिसरी दिसली.
बारीक टायरची, भलतीच वाकडी,
वळणावळणावर आडव्या माणसाएवढा खळगा.
मोजले, चार होते.

डेपोत उर्पो माझ्याआधी येऊन बसलेला,
पँटीच्या गुडघ्यावर बर्फ अजून विरघळायचा होता.
मी काही विचारलं नाही.
तोच म्हणाला, भिंतीकडे बघत,
नदीला काय झालंय रे, रात्रभर बडबडते?